औक्षणाचं ताट

सरांनी माझी मनगटं धरून दोन्ही हात कानांवरून खाली ओढले. सगळ्या कॉलेजसमोर. मला ढोलांच्या रांगेपुढे उभं केलं. "सवय कर. नाशिकची पोरगी आणि ढोलाला घाबरते!"

पोरं हसली. मग त्यांनी आणखी जोरात वाजवलं.

तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. स्नेहसंमेलनाचे पाहुणे गेटवर आले होते. सरांनी एका दमात सांगितलं होतं, "कुंकू कालव, निरांजन लाव, सुपारी-अंगठी ठेव, हार स्टेजवर पोचव, मुलींना रांगेत उभं कर." पहिलं आणि शेवटचं तेवढं डोक्यात राहिलं. मधलं निसटलं. उसन्या साडीचे जरीकाठ मानेला ओरबाडत होते. तेवढ्यात ढोल सुरू झाले. ढोल मला दातांत लागतो, पोटात लागतो. दोन्ही हात ताटाला. कान उघडे.

ताट पडलं. कुंकू सांडलं. मी कान झाकले.

"फी माफ, वर नखरे," सर म्हणाले. "घरी म्हशी रेकल्या की काय करतेस गं?"

आमच्याकडे म्हैस नाही. आई घोटीला भातगिरणीत कामाला जाते. एवढं सांगायचं होतं.

आई मला एका वेळी एकच काम सांगायची. "आधी पाणी भर. झालं का ये, मंग सांगते." सोबत गिरणीत नेलं, तरी यंत्र सुरू व्हायच्या आधी मला बाहेर पाठवायची. शेजारणी म्हणायच्या, "लय लाडावली पोरगी." आई म्हणायची, "तिला त्रास होतो. नाटक नाय करत ती."

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मी कुठे मग्न होते? मला तर सगळं एकदम ऐकू येत होतं.

यंदा पुन्हा पाहुणे आले. सरांनी ताट पुढे केलं. माझे अंतर्गत गुण त्यांच्याच हातात होते. दोघांनाही ते माहीत होतं.

"नाही सर. मी ऑटिस्टिक आहे. ढोल असतील तिथे मी ताट धरणार नाही."

सर शेजारच्या मॅडमना म्हणाले, "चार बुकं शिकले की यांना आजार सापडतात."

मॅडम हसल्या. ढोल सुरू झाले. मी हात कानांवर नेले. सरांचा हात पुढे आला.

"हात लावू नका."

ढोलांत बाकी कुणाला ऐकू गेलं नसेल. सरांना गेलं. त्यांचा हात थांबला.

त्या विषयात मी नापास झाले. अंतर्गत गुण कमी पडले. आईला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं ते कळत नाही. पण विषय पुन्हा देईन. त्याच सरांपुढे बसेन. काम सांगायचं तर एकेक सांगा, असं वर्गात सगळ्यांसमोर म्हणेन. पुढच्या वर्षीही ढोल वाजतील, आणि माझे हात कानांवर असतील. ते खाली ओढायला कुणी आलं, तर तेव्हा मी हळू बोलणार नाही.