खालच्या मजल्यावरचा टेनर

मॉन्ट्रियलला आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा फ्रेंच टेनर राहत असे. टेनर म्हणजे ऑपेरात उंच पट्टीत गाणारा पुरुष, बहुधा नायक. आमचे हे गृहस्थ कधी नायक झाले होते की नाही, देव जाणे. त्यांची कारकीर्द आम्हाला त्यांच्याच तोंडून कळली, आणि ती दर हिवाळ्यात वाढत जायची.

पहिल्यांदा सांगितली ती साधी होती. फ्रान्समधल्या एका बंदरगावात न्हाव्याच्या घरी जन्म, लहानपणी चर्चमध्ये गाणं, मग गावोगावच्या ऑपेरांत मागे उभं राहून कोरस. एका दौऱ्यात कॅनडाला आले, इथल्या बाईशी लग्न करून राहिले, आणि तिने सोडल्यावर शिकवण्या करू लागले. पुढल्या हिवाळ्यात कोरसच्या दुय्यम भूमिका झाल्या. त्याच्या पुढल्या हिवाळ्यात मुख्य गायक आजारी पडला आणि यांनी एकट्याने पॅरिस जिंकलं.

"मग मोठे का नाही झालात?" मी एकदा विचारलंच.

"मत्सर, मस्यू! निव्वळ मत्सर!"

माझी बायको पुण्याला शास्त्रीय गाणं शिकलेली. रोज सकाळी रियाज करते. लिफ्टमध्ये हे महाशय तिला म्हणाले, "मादाम, तुम्ही छान गुणगुणता. गाणं कधी शिकणार?" ती नुसती हसली. माझं डोकं फिरलं.

पण त्यांच्यापेक्षा आमची माणसं थोर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायकोचं गाणं ठरलं होतं. अध्यक्षांना या शेजाऱ्याचा पत्ता लागला आणि ते हुरळले. "खरा फ्रेंच ऑपेरा सिंगर! प्रोग्रामला जरा क्लास येईल. वहिनी, तुम्ही आपल्याच, तुम्ही शेवटी थोडंसं गा." गोऱ्या माणसाने नुसतं खाकरलं असतं तरी या लोकांनी वाहवा केली असती.

शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम होता. टेनरसाहेब लाल मफलर गुंडाळून उभे राहिले. खोटं कशाला बोलू, मधल्या पट्टीत आवाज बरा होता. पण त्यांना वरचाच सूर हवा. तो लावला आणि आवाज चिरकला. पोरं फिदीफिदी हसली.

"हा धूर!" त्यांनी गणपतीपुढच्या उदबत्तीकडे बोट केलं. "यात कोण गाणार?"

आणि आमच्या अध्यक्षांनी धावत जाऊन उदबत्ती विझवली! ज्याच्या उत्सवाला जमलो त्याच्यापुढची! साहेबांनी पुन्हा सूर लावला, तो पुन्हा फाटला. अध्यक्षांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळेच उभे राहिले.

बायको त्यांच्याजवळ गेली आणि फ्रेंचमध्ये हळूच म्हणाली, "मस्यू, खालच्या पट्टीत गा ना. तिथे तुमचा आवाज अजून सुंदर आहे."

"मादाम, मी कलावंत आहे," ते फणकारले आणि कोट उचलून चालते झाले.

मग बायको गायला बसली. निम्मे लोक तोवर पावभाजीच्या रांगेत. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं, तिने एकदाही पाहिलं नाही. राग पूर्ण मांडून, मनासारखा गाऊनच उठली. तिला इतक्या तडफेने गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. रांगेतले काही जण रिकाम्या प्लेटा घेऊन परत येऊन बसले, एवढं मात्र मंडळाच्या बाजूने सांगायला हवं.

टेनरसाहेबांनी आमच्याशी बोलणं टाकलं. पुढे ते वृद्धाश्रमात गेले. बायकोच्या आग्रहाखातर आम्ही एकदा भेटायला गेलो, तर हे नर्सला सांगत होते, "आणि हिंदुस्थानातल्या एका राजाच्या दरबारात मी गायलो. सगळा दरबार उभा राहिला!"

"दरबार नव्हता, शाळेची जिम होती," मी म्हणालो.

नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खोटारडा. बायको खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "मग पुढे काय झालं, मस्यू?"

मी गाडी गरम करायच्या निमित्ताने खाली निघून गेलो.