नऊ नि अकराचा चौरस

मी माझ्या मुलासाठी मुली मापल्या. डोळ्यांनी नव्हे, तशा सगळ्याच आया मापतात आणि वर "आमचं काही म्हणणं नाही हो" म्हणतात. मी पट्टी लावून मापल्या, मिलीमीटरमध्ये. चौदा मुली नापास केल्या आणि चौदाही वेळा मला वाटलं, आपण विज्ञानाला धरून वागतोय. एवढी मूर्ख बाई तेव्हा गोखिवऱ्यात दुसरी नसावी, आणि मी तिथल्या बऱ्याच जणींना ओळखत होते.

दोन हजार सालाच्या पुढेमागची गोष्ट. शाळेत चित्रकला शिकवून शिकवून कंटाळले आणि मुदतीआधीच निवृत्त झाले. आमच्या इमारतीखालच्या एका गाळ्यात तीन कॉम्प्युटरचा सायबर कॅफे निघाला होता. दुपारची जेवणं उरकली की मी खाली उतरायची. कॉलेजची पोरं चॅटिंग करत बसलेली आणि मधल्या खुर्चीत मी, चष्मा नाकावर, रंग बदलणारा ऑक्टोपस बघतेय. बर्फाचे सहा पाकळ्यांचे कण, एका कागदाच्या घडीतून उमटलेला विंचू, सूर्यफुलाच्या बियांच्या उलटसुलट फिरणाऱ्या ओळी. जे आवडेल त्याची प्रिंट काढायची आणि फाइलला लावायची. फाइलच्या पाठीवर पोस्टर कलरने लिहिलं होतं, 'अजब'. जगातली आश्चर्यं मी शोधून काढतेय अशी माझी समजूत. खरं तर ती दुसऱ्याच कुणी शोधून, फोटो काढून, तिथे टाकून, हात धुऊन जेवायला गेलेलं असायचं.

एका दुपारी मला सोनेरी गुणोत्तर सापडलं. एकास एक पूर्णांक सहाशे अठरा सहस्रांश. शंखात तेच, सूर्यफुलात तेच, जुन्या देवळांच्या खांबांत तेच, आणि सुंदर चेहऱ्यातही तेच, असं तिथे लिहिलं होतं. त्यातलं निम्मं नुसतं दडपून लिहिलेलं होतं हे मला फार उशिरा कळलं. पानाच्या वरच्या भागात चौरसाला चौरस जोडून केलेली आकृती होती, आणि त्या चौरसांतून गोगलगाईसारखी फिरत गेलेली रेघ. खाली नुसत्या रेघांचा एक चेहरा. हा म्हणे कुठल्याही चेहऱ्यावर ठेवावा. रेघा जुळल्या तर सौंदर्य, नाही जुळल्या तर नाही.

"काकू, हे छोटंसंच येईल," कॅफेवाला म्हणाला. "पान भरून देऊ का?"

"भरून दे. अर्धं पान कोरं कशाला सोडायचं?"

त्याने माऊसने चित्राची खालची कड धरली आणि पानाच्या तळापर्यंत ओढली. मी शेजारीच उभी होते. वीस वर्षं पोरांच्या वहीत लाल पेन्सिलीने 'प्रमाण चुकले' लिहिणारी बाई. मी मान डोलावली आणि म्हटलं, "आता कसं, भरल्यासारखं वाटतं."

झेरॉक्सच्या दुकानातून तो रेघांचा चेहरा पारदर्शक कागदावर काढून घेतला. फोटोंसाठी लहान आणि मध्यम, शिवाय जिवंत माणसासाठी एक पूर्ण आकाराचा. घरी येऊन पहिल्यांदा आरशासमोर स्वतःच्याच तोंडावर धरला.

तो बसला. डोळ्यांवर डोळे, ओठांवर ओठ, हनुवटी बरोबर रेघेवर.

माझा चेहरा लांब आहे. किती लांब, तर शाळेत पोरं पाठीमागे टापांचा आवाज काढायची. त्या चेहऱ्यावर जगातल्या सौंदर्याचं माप तंतोतंत बसलं, आणि मला एकदाही शंका आली नाही. उलट वाटलं, बघा, इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. मग मुलाला खुर्चीत बसवून त्याच्यावर धरला. त्याचं तोंड माझ्यावर गेलेलं, त्यामुळे तोही पास. यजमानांना लावला तर त्यांची हनुवटी आत राहिली.

"मग मला आता परत करणार का?" त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं.

मुलाचं तेव्हा बघत होतो. वधू-वर मंडळाकडून पाकिटं यायची, पत्रिका आणि पोस्टकार्ड आकाराचा फोटो. मी डोळ्यांवर डोळे जुळवून कागद ठेवायची आणि पट्टी घ्यायची. प्रत्येकीची हनुवटी कमीच पडे. एकीला मी भाकरी म्हटलं. एकीला म्हटलं, देवाला गिऱ्हाइकं फार होती, हिची हनुवटी घाईत आवरती घेतली. शिवाय शाळेची सवय. फोटोच्या मागे पेन्सिलीने शेरा मारायची, 'ह. – ४ मि.मी.', आणि तो न खोडता फोटो परत पाठवायची. एका मुलीच्या आईचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"आमची मुलगी विचारतेय, हे चार मिलीमीटर नेमके कुठले?"

"ओठांच्या खाली," मी सांगितलं आणि फोन ठेवला. वर मला वाटलं, मुलगी चौकस आहे, चांगली गोष्ट आहे.

हे सगळं चालू असताना मुलगा काही बोलत नसे. तो सातिवलीला एका कारखान्यात खरेदी बघायचा. एकोणतीस वर्षांचा, सरळ, आणि मी इतका सरळ वाढवलेला की वाकायचं कुठे हेही मला विचारायचा. पण चौदावी परत पाठवली त्या संध्याकाळी त्याने ताटावरच सांगितलं, "एक मुलगी आहे. गासची. आमच्या कारखान्याच्याच गल्लीत, पलीकडच्या युनिटमध्ये आहे. आई, हिला मापू नकोस."

जन्मात त्याने मागितलेली ती पहिली गोष्ट. मी फोटो मागितला. त्याने नाही म्हटलं. मी म्हटलं, ठीक आहे, प्रत्यक्षच बघू. आणि आम्ही तिघं निघताना मी पर्स भरली तेव्हा फाइल पर्सच्या आधी काखेत घेतली.

गासला त्यांची सोनचाफ्याची वाडी. घर साधंच, मंगलोरी कौलांचं, पडवीत केळीच्या पानांवर ओल्या फडक्याखाली कळ्या झाकलेल्या. घरात मुलगी, तिचे आईवडील आणि आजी. मुलगी कारखान्यातून अर्ध्या दिवसाने सुटून आली होती. साडी नाही, पावडर नाही. हात साबणाने धुतलेले तरी नखांच्या कडांना तेलाची काळी रेघ. ती तिथे तयार माल तपासायची. चहा झाला, वेलची केळी झाली. मुलाच्या चेहऱ्यावर असं काही होतं की दुसऱ्या कुठल्याही आईने फाइल मिटून मांडीखाली घातली असती.

मी कागद काढला. म्हटलं, मी चित्रकार आहे, जरा बघते. आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"बाय, पोरीच्या तोंडासमोर ते काय धरलंय?" आजी म्हणाली. "नजर लागू नये म्हनून?"

मी समजावून सांगितलं. सूर्यफूल, शंख, देवळं. फाइल उघडून पानं दाखवली. आणि म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण हनुवटी पाचने कमी आहे." मुलीची आई उठून आत गेली. मुलगा कपाच्या तळाशी बघत होता, जणू तिथे काही लिहिलंय.

मुलगी रागावली नाही. तिने फाइल मांडीवर ओढली आणि खरंच मन लावून बघायला लागली. विंचू बघून हसली. सूर्यफुलाच्या ओळी बोटाने मोजल्या. मग सोनेरी गुणोत्तराच्या पानावर थांबली.

"काकू, हे चौरस आहेत ना?"

"हो. चौरसातून चौरस. तेच तर त्याचं—"

तिने पर्समधून सहा इंची पोलादी पट्टी काढली. आडवी लावली, उभी लावली. परत एकदा लावली.

"नऊ नि अकरा," ती म्हणाली. "ह्याला चौरस नाय म्हनत. प्रिंट काढताना कोनीतरी उभं ओढलंय." मग तिने रेघांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "हा पन त्याच पानावरचा ना? म्हंजे हा पन ओढलेला." थोडं थांबून तिने विचारलं, "हा बसतो कोनाला?"

"हिला," आमचे यजमान ताबडतोब म्हणाले. गेले सहा महिने ते या प्रश्नाची वाट बघत असावेत. "आणि चिरंजीवांना."

तिने माझ्याकडे बघितलं. वरून खाली, सावकाश. बघायला अंतर बरंच होतं. आजी आधी हसली, मग वडील हसले, मग यजमान. मला वीस वर्षांच्या टापा एकदम ऐकू आल्या.

इथे मी हसायला हवं होतं. नुसतं हसले असते तरी ते लग्न झालं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही. ती सगळी माणसं माझ्या हसण्याची वाटच बघत होती. आजीने तर माझ्या गुडघ्यावर हातही ठेवला होता. मी तो हात बाजूला केला आणि म्हटलं, "कागद चुकला असेल. पण तेल लागलेल्या हातांचं माप काढायला कागद लागत नाही."

पडवीतलं हसू तिथेच संपलं. मुलीने मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं, म्हणजे भीतीच वाटली. तो बोलला नाही. निघताना वडिलांनी चाफ्याच्या कळ्यांची पुडी माझ्या हातात दिली, कारण त्यांच्याकडून रिकाम्या हाताने कुणी जात नाही. ती पुडी घेतानाही मला लाज वाटली नाही.

लाज नंतर आली. मुलगा घरात होता, जेवत होता, विचारलं तेवढं सांगत होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी कॅफेत गेले आणि तेच पान न ओढता काढायला लावलं. चौरस चौरसासारखे आले. रेघांचा चेहरा घरी आणून स्वतःवर आणि मुलाच्या फोटोवर धरला. आता मी नापास होते, आणि मुलगाही. हौसेने मी जुन्या पाकिटांतून परत पाठवायचा राहिलेला एक फोटो शोधला. ज्या मुलीला मी भाकरी म्हटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर तो असा बसला की मी कागद उचलून खाली ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन उगीच पाणी प्यायले.

आठवड्याने मी सातिवलीला गेले. मुलाला न सांगता, रिक्षा करून, दुपारच्या सुट्टीत. मुलाने पुढे चार वर्षांनी दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं, नोंदणी करून आला आणि मग आम्हाला सांगितलं. सूनबाई चांगली आहे. मला फोटो मात्र काढू देत नाही. नातीचं तोंड माझ्यावर गेलंय, त्याला कुणाचाच इलाज नाही. पण त्या दुपारी मला वाटत होतं की अजून वेळ गेलेली नाही. युनिटच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत, खोक्यांच्या चळतीवर ती डबा उघडत होती. मी न ओढता काढलेला नवा कागद पुढे केला. म्हटलं, चूक माझी झाली, माप चुकलं होतं, तू बरोबर होतीस. हातांबद्दल बोलले तेही चुकलं. मुलगा घरी धड बोलत नाही. तू एकदा हो म्हण.

तिने कागद घेतला, उजेडाकडे धरला, त्यावरचे चौरस जुळवून बघितले आणि तो परत माझ्या हातात दिला. मग बोलली. शब्द न् शब्द देते. इतक्या वर्षांत त्यातला एकही मला बदलता आलेला नाही.

"काकू, आमच्याकडे मापाचं गेज चुकलेलं निघालं ना, तर त्या गेजाने रिजेक्ट केलेला सगळा माल परत मागवतात. आधी त्याची माफी, मग पुढचं काम. तुम्ही त्या चौदा जनींकडे जाऊन आलात काय? नाय ना. थेट माझ्याकडे आलात, कारन तुम्हाला माल पायजे. नि तुमच्या मुलाचं म्हनाल, तर तो त्या दिवशी तासभर माझ्यासमोर बसलेला. त्याला मापायला मला पट्टी लागली नाय. आता जेवू द्या, दहाच मिनिटं राहिलीत."