चावण्याचा प्रयत्न

गावातले अर्ज मी लिहिते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता नारळीखाली खुर्ची टाकून बसायचं. पण चौथ्याच दिवशी एक जण वीजबिलाची तक्रार घेऊन दारात उभा राहिला आणि तेव्हापासून आमच्या ओटीवर कचेरी भरते. एसटीने मुरुडला जाऊन टाइप करून आणता येतं, पण लोकांना माझं अक्षर आवडतं. खरं सांगायचं तर मलाही आवडतं. नियम दोनच ठेवले आहेत. कोणाला नाही म्हणायचं नाही, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही.

मी कुत्र्यांना भिते, हेही आधीच सांगून टाकते. एखादं मरतुकडं कुत्रं आडवं आलं तरी मी रस्ता बदलते आणि वर सोबतच्या बाईला सांगते की इकडून जवळ पडतं. त्यामुळे केंद्राने धोकादायक जातींच्या कुत्र्यांची यादी करून राज्यांना पत्र पाठवल्याची बातमी आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पुढे कोर्टांनी ते पत्र अडवलं तेव्हा मी कोर्टांवर रागावले. नवऱ्याने विचारलं, तुला कोणत्या कुत्र्याने काय केलंय? मी त्याला चहा करून घ्यायला सांगितला.

त्या यादीतलाच एक रॉटवायलर त्याच सुमारास आमच्या गावात राहायला आला. समुद्राच्या बाजूला मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला आहे. मुंबईच्या सोसायटीने कटकट केली, म्हणून मालकांनी कुत्रा इथे आणून रखवालदाराच्या हवाली केला. रखवालदार आमच्याच गावचा, साठी ओलांडलेला. बायको गेल्यापासून बंगल्यामागच्या खोलीत एकटाच राहतो.

एका रविवारी बंगल्यावरचे पाहुणे फाटक उघडंच टाकून समुद्रावर गेले. आमची मासेवाली नेहमीसारखी डोक्यावर पाटी घेऊन त्या आळीतून चालली होती. कुत्रा बाहेर आला, भुंकत तिच्या अंगावर धावला, आणि ती पडली. पाटी उपडी झाली, मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टरमधला हात सांभाळत ती माझ्या ओटीवर येऊन बसली.

तिने सांगितलं ते एवढंच, की कुत्रा अंगावर आला आणि मी पडले. मी लिहिलं, ‘सदर हिंस्र जातीचा कुत्रा माझ्या अंगावर धावून आला व त्याने मला चावण्याचा प्रयत्न केला. तरी त्यास गावाच्या हद्दीबाहेर काढावे, ही नम्र विनंती.’ चावण्याचं ती बोललीच नव्हती. पण नुसतं धावून आला म्हटल्यावर पंचायतीत कोणी खुर्चीवरून हलत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं. अर्जाला थोडं तिखटमीठ लागतंच. भिंतीला तडा गेला असेल तर मी भिंत पडण्याच्या बेतात आहे असं लिहिते, आणि त्याने आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. एरवी मी अर्ज वाचून दाखवते. त्या दिवशी तिचा हात ठणकत होता म्हणून तेही केलं नाही. तिने डाव्या हाताने कशीबशी सही केली आणि ती गेली.

विषय ग्रामसभेपुढे ठेवायचं ठरलं आणि आठवडाभर गावाला दुसरा धंदा उरला नाही. पानाच्या गादीवर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडे कुत्राच. कोणी म्हणे, ही जातच माणूस खाणारी. कोणी म्हणे, आपली गावठी कुत्री रोज कोणाला ना कोणाला फोडतात, त्यांची यादी कोण करणार? फाटक उघडं टाकणारे मोकळे सुटले आणि मुकं जनावर धरलं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, असंही एक जण म्हणाला. मी त्याच्याशी चांगलीच भांडले.

मग एक दिवस रखवालदार आला. सुपारीचा भाव काढला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. ताकाला येऊन भांडं लपवू नका, म्हटलं, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. त्यालाही अर्ज हवा होता. मालकांचा फोन आला होता. ग्रामसभेने कुत्रा काढायचा ठराव केला, की लगेच मालकांची गाडी येणार, आणि पनवेलकडे कोणी अशी कुत्री पिंजऱ्यात ठेवतो, त्याच्याकडे कुत्रा जाणार.

“आनि मंग मी बोलू कोनाशी, बाई?” तो म्हणाला.

नियम म्हणजे नियम. पण न बघता मी लिहीत नाही, असं त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं आणि त्याच्या मागोमाग बंगल्यापर्यंत गेले. फाटकाच्या बाहेरच उभी राहिले. तो कुत्रा, केवढं ते डोकं, पायरीवर आडवा पडला होता. रखवालदार त्याच्या कानातल्या गोचिड्या काढायला बसला आणि हळू आवाजात त्याला नारळाला किती पाणी घातलं ते सांगू लागला. कुत्रा शिंकला तशी मी दोन पावलं मागे आले. तिथूनच विचारलं, खरं सांगा, हा तिला चावायला गेला होता का? तो म्हणाला, मी मागून धावतच येत होतो, भुंकला, पण तोंड लावलं नाही. ती पडली ती मात्र ह्याच्यामुळेच, ते मी नाकारत नाही.

मी घरी येऊन त्याचा अर्ज लिहिला. ‘चावण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप खोटा आहे’ या वाक्याशी पेन अडलं. आरोप कोणाचा, ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी लिहिलं. माझंच वाक्य माझ्याच अक्षरात खोटं ठरवलं आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. ग्रामसेवकांनी दोन्ही अर्ज वाचले. दुसऱ्या अर्जातलं ‘सदर’ आणि ‘नम्र विनंती’ ऐकून लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. सरपंचबाई मात्र गंभीर होत्या. त्या म्हणाल्या, जात यादीतली आहे आणि चावण्याचा प्रयत्न झालेला आहे, मग चर्चा कशाची करायची? हात वर करा. मागच्या बाकावर रखवालदार स्वतःच्या पायांकडे बघत बसला होता. पुढे बसलेल्या मासेवालीच्या कपाळाला आठी पडली होती. आपला अर्ज ती तिथे पहिल्यांदाच ऐकत होती.

मी उठले. “थांबा. चावण्याचं वाक्य माझं आहे. हिने तसं सांगितलेलं नाही.”

अठ्ठावीस वर्षं याच हॉलमध्ये मी खोटं बोलणाऱ्यांना उभं केलं होतं. आता मीच उभी होते आणि माझे कान तापले होते. मागून कोणीतरी फिसकन हसलं. लाज वाटली, खूप वाटली. पण खाली बसले तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला होता, हेही तितकंच खरं.

सरपंचबाईंनी मासेवालीला विचारलं. ती म्हणाली, चावला नाही, नुसता आला. त्यानंतर अर्ध्या तासात निकाल लागला. कुत्रा राहील. फाटक आपोआप मिटेल असं करायचं. रस्त्यावर आणताना पट्टा आणि तोंडाला जाळी. आणि पुढच्या सभेला मालकांनी स्वतः हजर राहायचं, रखवालदाराला पुढे करायचं नाही. अशी कुत्री कोणीही उठून पाळावीत असं मला आजही वाटत नाही, पण त्या ठरावाला मी हात वर केला. रखवालदाराने दोन्ही केले.

मिटलं म्हणून ग्रामसेवक पहिला अर्ज फाडायला निघाले. मासेवालीने त्यांना थांबवलं आणि ती माझ्याकडे वळली.

“फाडा तो, पन दुसरा लिवा. बाई, मी भ्याले ता खरा हाय ना? येवढाच लिवला असतात तरी पुरला असता.”

मी ग्रामसेवकांकडून कोरा कागद मागून घेतला आणि तिने सांगितलं तेवढंच लिहून सगळ्यांसमोर तिला वाचून दाखवलं.