निओडिमियम क्लोराइडशेजारी गुटख्याच्या पुड्या

मंडळी, सकाळपासून किळस जात नाहीये, म्हणून लिहून राहिले.

मी नांदेडला केमिस्ट्रीत पीएचडी करते. निओडिमियम या धातूचं ऑक्साइड ॲसिडात विरघळवून, आटवून, मग नवसागर मिसळून सावकाश तापवत तीन दिवसांत मी कोरडं क्लोराइड तयार केलं होतं. फिकट जांभळी भुकटी. हवेतली ओल ती लगेच ओढते, म्हणून डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली ओल शोषणाऱ्या हवाबंद काचेच्या भांड्यात ठेवली होती.

आज बघते तर झाकण अर्धं सरकलेलं, भुकटीचा चिकट गोळा झालेला आणि शेजारी गुटख्याच्या चार पुड्या!

पुड्या आमच्या एका सिनियर सरांच्या. "बाहेर सादळतात बाई," ते तोंडातली पिंक सांभाळत म्हणाले. "तुझं मीठच हाय ना? तापव परत."

"सर, आता नुसतं तापवलं तर ऑक्सिक्लोराइड होतं, ते माझ्या कामाचं नाही. सगळं वाया गेलं."

ते बेसिनमध्ये पचकन थुंकले. त्याच बेसिनमध्ये मी काचेची भांडी धुते.

चिमट्यानं पुड्या उचलून मी विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, रिटायरमेंटला दोनच वर्षं राहिलीत त्यांची."

थुंकीपेक्षा मला या वाक्याची जास्त शिसारी आली. बेसिन घासून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय.

तुम्ही असतात तर गप्प बसला असतात का?