चौथा चार्जर

माझा स्वभाव मुळातच संशयी. दुकानदाराने एक लिंबू जास्तीचं दिलं तरी मी ते दाबून पाहते. त्यामुळे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या ऑफिसात मला बिलिंगचं काम मिळालं तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आमची कंपनी रुग्णांना बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या पुरवायची. खुर्चीला एक कोड, बॅटरीला दुसरा, चार्जरला तिसरा. बदली चार्जरचा फॉर्म आला की कारणाचा कोड टाकायचा: हरवला, तुटला, चालत नाही. कोड पडला की बिल तयार आणि चार्जर रवाना.

एकदा लंडनच्या हॅरो भागातून आलेल्या फॉर्मवर मराठी आडनाव दिसलं. वर्षातला चौथा चार्जर! कारण दर वेळी एकच, चालत नाही. जुने परत आल्याची नोंद नाही. पहिले तीन शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज बाईने काही न विचारता पाठवले होते. ती भोळी. मी नव्हते. एका घरात चार चार्जर कशाला? बाहेर विकत असणार, दुसरं काय! त्यात आडनाव आपलं, म्हणून मला जास्तच राग आला. मी आपल्या माणसांना पाठीशी घालते असं उद्या कुणी म्हणायला नको. मी ‘चौकशी बाकी’चा कोड टाकला आणि फॉर्म ट्रेच्या तळाशी सरकवला.

तीन आठवडे तो तिथेच होता. मग एका शनिवारी भारतीय वाणसामानासाठी हॅरोला गेले आणि मला राहवेना. नियमात हे बसत नव्हतं, पण चोर मला स्वतः पकडायचा होता.

फॉर्मवरच्या पत्त्यावर दार एका म्हाताऱ्या काकांनी उघडलं. चार्जरच्या कंपनीतून आलेय म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या.

“जुने चार्जर कुठे आहेत?” मी बसायच्या आधीच विचारलं.

काकांनी कपाटावरून तीन पिशव्या काढल्या. प्रत्येकीत एक चार्जर, वायर गुंडाळून रबर लावलेला. “कलेक्ट करायला कुणी आलंच नाही. आणि चांगली वस्तू फेकवत नाही हो.”

तरी माझं समाधान होईना. मी तिन्ही आळीपाळीने सॉकेटला लावून पाहिले. तिन्हींचा दिवा लागला.

“हे तर चालतायत!”

“दिवा लागतो हो. पण नाईटभर लावून ठेवला तरी सकाळी बॅटरी जेमतेम. गेल्या महिन्यात हिची खुर्ची झेब्रा क्रॉसिंगवर मधोमध बंद पडली. तेव्हापासून ही घराबाहेर पडली नाही.”

मग ते चहा टाकायला उठले आणि जाता जाता त्यांनी खोलीतली भिंतीवरची बटणं बंद केली. टीव्हीचं, दिव्याचं, चार्जरचंही. न बघता, पटापट.

“काका, झोपताना पण असंच करता?”

“मग! सगळी बटणं ऑफ. आग लागली म्हणजे?”

मला हसू आलं नाही. लहानपणी आईने हीच सवय लावली होती, आणि त्याच सकाळी निघताना मीही फ्रिज सोडून घरातलं प्रत्येक बटण बंद केलं होतं.

बटण बंद म्हणजे चार्जरही रात्रभर बंद, हे मी काकांना सांगितलं. “म्हणजे मीच?” मी चार्जरचं बटण चालू करून त्यावर चिकटपट्टी लावली. काकू आधी खूप हसल्या. मग खिडकीकडे वळल्या.

“माझी मैत्रीण गेल्या आठवड्यात कायमची पुण्याला गेली,” त्या म्हणाल्या. “कम्युनिटी हॉलमध्ये निरोप समारंभ होता, मला जाता आलं नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघत होते. आधीचे तिन्ही चार्जर चार दिवसांत आले होते. या वेळी कुणी अडवलं, कोण जाणे. तुला काही माहिती आहे?”

पहिल्याच दिवशी मी एक फोन केला असता तर चिकटपट्टी तेव्हाच लागली असती. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही मी म्हणाले, “ऑफिसात कामं खूप असतात, काकू.”

“असू दे गं.” त्यांनी माझ्या बशीत आणखी एक चकली ठेवली. “आपलं माणूस तिथे आहे, म्हणून तर आज कुणी विचारायला आलं.”

मी मान खाली घालून ती चकली खाल्ली.