बॅकग्राउंडमध्ये गर्दी आहे

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाहीये. सावंतकाकू फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे बोलतेय.

आमच्या मुलुंडच्या फोटो ग्रुपच्या स्पर्धेत प्रत्येकाने दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोवर नाव न टाकता अभिप्राय द्यायचा असतो. गेल्या वेळी मला कुणीतरी लिहिलं होतं, "बॅकग्राउंडमध्ये गर्दी आहे." फार लागलं होतं. या वेळी मला काही सुचेना, तर मी तीच ओळ एका फोटोखाली ठोकून दिली.

आज लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकू भेटल्या. त्याही ग्रुपमध्ये माझ्यासारख्याच नवीन. "अगं, माझ्या फोटोत गर्दी आहे म्हणे. म्हणून ह्यांना परत बसवलं. आता बरोबर आहे ना गं?"

म्हणजे तो बिननावी फोटो काकूंचा होता! काकांना मी कधी पाहिलंच नव्हतं, ओळखणार कसं? त्यात काका स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. मागे भांड्यांची मांडणी, दोरीवर टॉवेल, खिडकीत तुळस. काकूंनी मोबाइलवर दाखवलेल्या नव्या फोटोत काका पांढऱ्या भिंतीसमोर ताठ बसलेत, आधार कार्डावर असतात तसे. हातात मेथीही नाही.

"झकास," मी म्हणाले. वाट लावली ना मी!

फोटो बदलायची मुदत आज सहापर्यंत. आता पाच वाजलेत. जुनाच राहू द्या म्हणायचं, तर ती ओळ माझी होती हेही सांगावं लागेल. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

मला ती ओळ लिहिणारे तुम्ही इथेच असाल. खरं सांगा, तुम्हाला तरी तिचा अर्थ कळला होता का? की तुम्हालाही आधी कुणीतरी तेच लिहिलं होतं?