जावयाची गादी

मला सासुरवाडीची अ‍ॅलर्जी आहे. तसं डॉक्टरांनीच निदान केलंय.

रत्नागिरीत आमच्या घरी मी ठणठणीत. पण लांज्याला सासुरवाडीत मुक्काम पडला, की अंथरुणाला पाठ टेकताच शिंका सुरू! वर छातीतून शिट्टी. बायको, म्हणजे सुलभा, भडकायची. "माझ्याच माहेरी बऱ्या येतात तुम्हाला शिंका! यायचं नसेल तर तसं सांगा!" शिंका थांबल्या नाहीत तर आमचा संसारच थांबेल, अशी वेळ आली होती.

सासूबाईंना मात्र काळजी. "जावयबापूंना थंडी बाधली वाटता!" म्हणत त्यांनी गादीवर आणखी एक गादी चढवली. मी जास्तच शिंकलो. मग दुलई आली. मी आणखी! शेवटी त्याच दुलईत मला डोक्यापासून गुंडाळून वाफारा दिला. आत मी गुदमरून ओरडतोय आणि बाहेर सासूबाई खुशीत, "बघ गो सुले, कफ सुटतोय!"

मी ढोंगी आहे हे सिद्ध करायला सुलभाने मला रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं. अ‍ॅलर्जी नेमकी कशाची ते बघायला त्यांनी हातावर निरनिराळे थेंब टाकून टोचलं. मांजराचा थेंब गप्प. धुळीचा गप्प. बुरशीच्या थेंबाखाली मात्र टम्म फुगलं!

"बुरशीचे कण हवेतून नाकात जातायत. तिकडची गादी कुठे ठेवतात?"

"पेटाऱ्यात!" सुलभा अभिमानाने म्हणाली. "खास ह्यांचीच आहे ती. लग्नापासून आई दुसऱ्या कुणाला टेकू देत नाही."

"ऊन दाखवता?"

"छे! कापड विटेल ना!"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नाकात मारायचा फवारा दिला आणि गादी बंद केली.

"येवढी जपलेली गादी, तिला बुरशी?" सासूबाई रुसल्या. पण मी चटईवर झोपलो आणि एकही शिंक आली नाही. सुलभा चक्क "चुकलं माझं" म्हणाली. (लग्नानंतर पहिल्यांदाच!) मला भरून आलं.

पण चटईवर झोपणाऱ्याला जावई कोण म्हणणार? सकाळी सासूबाईंची हाक आली, "उठलास काय रे? येवढे नारळ सोलून टाक बघू!" बापू गेले, अहो-जाहो गेलं.

गादी आता मेहुणीच्या नवऱ्याला मिळते. परवा मी अंगणात नारळ सोलत असताना आतून त्याची शिंक ऐकू आली. पाठोपाठ दुलई, वाफारा, "जावयबापू, जावयबापू!" बिचाऱ्याला सावध करायला मी धावत गेलो. पण तो थाट बघून दारातच थबकलो आणि छाती भरून खोल श्वास घेतला.

मेला तो फवारा इतका गुणाचा, की एक शिंक येईल तर शपथ!